चाकामागची चकती

डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याला लागलं की कोळेगावापाशी ‘प्रीमियर’ लागतं. कारखाना केव्हाच बंद पडला, तरी मैदानाचं नाव तेच राहिलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं मूळ बस्तान कुर्ल्याला; पद्मिनी तिथून निघायची. पण फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कंपनीने १९९४ मध्ये जी प्यूजो ३०९ बाजारात आणली, ती या कल्याणच्या कारखान्यातली. पाच दारांची, चौकोनी अंगाची, बसायला ऐसपैस आणि खड्ड्यांतून सुखाने नेणारी गाडी. कामगारांचा तंटा आणि भागीदारांमधली धुसफूस यांत १९९७-९८ च्या सुमारास सगळं गुंडाळलं गेलं. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या ते मात्र गाडीसकट मागे राहिले, आणि सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चकरा मारू लागले.

या गाडीची आठवण काढायचं कारण तिचं चाक. युरोपात याच ३०९ ची जीटीआय नावाची बहीण होती: १.९ लिटरचं इंजिन, सुमारे १३० अश्वशक्ती, वळणावर भल्याभल्या स्पोर्ट्स कारना घाम फोडणारी. आपल्याकडे आलेली ३०९ इंजिनाच्या बाबतीत साधी होती, पण सांगाडा तोच. तेव्हा एमएच-०५ पाटीच्या एखाद्या मालकाला आपल्याही गाडीला रुंद अलॉय चाकं लावावीशी वाटली, तर त्यात नवल नव्हतं. अडचण एवढीच की बाजारात मिळणारी बहुतेक चाकं मारुती आणि ह्युंदाईच्या मापाची. ती प्यूजोला लागत नाहीत.

मग १९९९ मध्ये फोर्डची आयकॉन आली. तिच्या चाकाला चार भोकं, प्यूजोलाही चार. बोल्टांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास दोन्हीकडे १०८ मिलिमीटर. या व्यासाला गॅरेजात पीसीडी म्हणतात. पीसीडी जुळला म्हणजे चाक लागलं, असा सर्वसाधारण समज आहे. आता हे फोर्डचं चाक प्यूजोला लावायला घेऊ.

पहिली ठेच चाकाच्या मधल्या भोकाला लागते. प्रत्येक हबच्या मध्यावर एक गोल कॉलर पुढे आलेली असते आणि चाकाचं मधलं भोक तिच्यावर नेमकं बसतं. प्यूजोची कॉलर ६५.१ मिलिमीटरची, फोर्डच्या चाकाचं भोक ६३.४ चं. एका अंगाने जेमतेम ०.८५ मिलिमीटर कमी, पण तेवढ्याने चाक आत जातच नाही. लेथवर लावून भोक वाढवून घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट, फोर्डला हबमधून बाहेर आलेले स्टड असतात आणि त्यांच्यावर नट. प्यूजोला स्टड नाहीत, बोल्ट सरळ हबच्या आट्यांत जातात. तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही आणि याच प्रकरणाचा तो विषय आहे: ऑफसेट.

चाक हबला ज्या पाठीने टेकतं, ती पाठ रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. पाठ बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला दिसणाऱ्या बाजूला सरकलेली असेल तर ऑफसेट अधिक, आणि चाक तेवढं गाडीच्या पोटात जातं. रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे हा आकडा मिलिमीटरमध्ये ओतलेला किंवा ठोकलेला असतो. ३०९ जीटीआयच्या पिढीतल्या प्यूजोंचा ऑफसेट विशीच्या आसपास. फोर्डचा त्याहून बराच जास्त. फोर्डचं चाक जसंच्या तसं चढवलं तर ते आत इतकं जाईल की टायरची आतली भिंत शॉकअपला भिडेल. ते तेवढंच बाहेर काढायचं, तर हब आणि चाक यांच्या मध्ये काहीतरी घालायला हवं. ते काहीतरी म्हणजे स्पेसर. अॅल्युमिनियमची जाड चकती, मध्ये भोक, भोवती बोल्टांची भोकं. दिसायला इतकी साधी वस्तू की ती काय बिघडवणार, असं वाटावं.

आज प्यूजो ३०९ रस्त्यावर दिसली तर थांबून बघावी अशी स्थिती आहे. पण तोच हिशोब घोडबंदर रोडवर आणि पलावाच्या पार्किंगमध्ये रोज नव्याने मांडला जातो. गाड्यांची नावं तेवढी बदलली. ठाणे-डोंबिवलीतल्या पोरांची परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे बऱ्याचदा फोक्सवॅगन पोलो जीटी. तिचा पीसीडी पाच भोकांचा, १०० मिलिमीटर. आणि पोरांना हवी असतात ऑक्टाव्हियाची किंवा ऑडीची चाकं, ज्यांचा पीसीडी पाच भोकांचाच, पण ११२ मिलिमीटर. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांचा १२०, पोर्शेचा १३०, मस्टँगचा ११४.३. सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये भेट मिळालेली फरारी ३६० मोडेना १०८ ची, आणि तोच १०८ व्होल्वोलाही. पीसीडीच्या जगात प्रतिष्ठेला किंमत नाही. माझ्दाची एमएक्स-५ ही जगातली सर्वांत लाडकी छोटी स्पोर्ट्स कार, आणि आपली स्विफ्ट, दोघींची चार भोकं १०० च्याच वर्तुळावर. मधलं भोकही दोघींचं ५४.१.

चार भोकांचा पीसीडी मोजणं सोपं, समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं. पाच भोकांना समोरासमोर काही नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून त्याला ०.५८८ ने भागतात. हे केलं की एक मजा कळते. ११२ च्या चाकात शेजारच्या भोकांमधलं अंतर ६५.८ मिलिमीटर येतं, ११४.३ च्या चाकात ६७.२. फरक दीड मिलिमीटरही नाही. त्यामुळे एकावरचं चाक दुसऱ्यावर ‘जोर लावून’ बसवता येतं. बोल्ट किंचित तिरके होतात, गन लावली की कडकड आवाज करत आत जातात आणि चाक घट्ट झाल्यासारखं वाटतं. फियाट पॅलिओच्या ९८ च्या हबवर १०० ची चाकं अशीच चढत असत. तिथे प्रत्येक बोल्टाला एकच मिलिमीटर सरकायचं असतं. त्यासाठी सरकत्या वॉशरचे खास बोल्ट मिळतात आणि ते ठीकही चालतात. साध्या बोल्टांनी केलेली तीच गोष्ट म्हणजे सगळेच बोल्ट कायमचे वाकवून ठेवणं.

आता पोलोवर ऑक्टाव्हियाचं चाक चढवून बघू. समजा मूळ रिम ६ इंच रुंद, ऑफसेट ४०. नवी ७ इंच रुंद, ऑफसेट ५०. मूळ रिमची अर्धी रुंदी ७६.२ मिलिमीटर, म्हणजे हबच्या पाठीपासून ती बाहेर ३६.२ आणि आत ११६.२ जाते. नवी रिम तशीच लावली तर बाहेर ३८.९, आत १३८.९. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणारही नाही, पण आत जवळजवळ २३ मिलिमीटर खाल्ले गेले. एवढी जागा शॉकअपपाशी बहुधा नसतेच. आता मध्ये २० मिलिमीटरचा स्पेसर घाला. ऑफसेट ५० चा ३० झाला. रिम आत ११८.९, मूळच्या इतकीच जवळपास. आणि बाहेर ५८.९, म्हणजे मूळच्यापेक्षा २२.७ पुढे. आतली अडचण बाहेर आली. मडगार्डाच्या कडेशी टायर किती जवळ येतो, चार माणसं बसवून मानपाड्याच्या स्पीडब्रेकरवरून गेल्यावर घासतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लायनर ओरबाडतो का, हे प्रश्न आता सुरू होतात.

फोक्सवॅगनवाल्यांचं नशीब असं की १०० चा पीसीडी ११२ करायलाही मध्ये चकती लागतेच, आणि त्यांच्या मोठ्या गाड्यांचे ऑफसेट मुळातच जास्त असतात. एकाच चकतीत दोन्ही कामं होतात. अशा चकतीला अडॅप्टर म्हणतात. ती स्वतः आतल्या बोल्टांनी हबला आवळायची आणि चाक चकतीला. आतल्या बोल्टांची डोकी चकतीच्या पोटात बुडायला हवीत, नाहीतर चाक त्यांच्यावर टेकेल. म्हणून अडॅप्टर १५ मिलिमीटरपेक्षा पातळ सहसा होत नाही, २० असला तर बरा.

इथवरचं सगळं भूमितीचं काम. पट्टी, कॅल्क्युलेटर आणि थोडा धीर असला की कोणालाही जमतं. चुका होतात त्या पुढच्या पायरीवर, कारण चाक गाडीला कशाने धरलेलं असतं, याबद्दलची बहुतेकांची कल्पनाच उलटी असते.

चाक बोल्टांवर लटकलेलं आहे, असं आपल्याला वाटतं. बोल्ट खुंट्यांसारखे, त्यांच्यावर चाक टांगलेलं. तसं असतं तर बोल्ट आठवडाभरही टिकले नसते. बोल्टाचं काम चाकाला हबवर दाबून ठेवणं, एवढंच. पोलोचे बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचे आणि १२० न्यूटन-मीटरला आवळायचे. आट्यांतलं घर्षण वगैरे धरून हिशोब केला, तर एका बोल्टाचा दाब सव्वाचार टनांच्या पुढे जातो. पाच बोल्ट मिळून वीस-बावीस टन. एवढ्या जोराने दोन धातूच्या पाठी एकमेकींवर दाबल्या की त्यांच्यात जे घर्षण तयार होतं, तेच गाडीचं वजन, ब्रेकचा झटका आणि खड्ड्याचा दणका पेलतं. घर्षण अगदी कमी धरलं तरी तीन टनांच्या वर जातं, आणि चाकावर उभ्या गाडीचं वजन असतं साडेतीनशे किलोंच्या आसपास. बोल्टाला आडवा मार बसतच नाही. बसू लागला की समजायचं, दाब गेला आहे आणि आता बोल्ट तुटायची वाट बघायची.

कल्याणचा जुना पत्रीपूल याच तत्त्वावर शंभर वर्षं उभा होता. १९१४ चा तो पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि जानेवारी २०२१ मध्ये नवा खुला झाला. मधली दोन-सव्वादोन वर्षं त्या भागातल्या लोकांनी काय भोगलं ते त्यांनाच विचारावं. जुन्या पोलादी पुलांचे रिव्हेट लालबुंद तापवून ठोकत. थंड होताना रिव्हेट आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळतो. हल्लीच्या पुलांत रिव्हेटची जागा जोरदार आवळलेल्या बोल्टांनी घेतली आहे, आणि त्या बोल्टांचं नावच घर्षणाच्या पकडीवरून पडलेलं आहे. सांध्यावर रंग, तेल, गंज असलेला त्या कामात चालत नाही.

स्पेसर घातला की एका सांध्याचे दोन होतात. पुस्तकांची चळत दोन्ही तळव्यांत दाबून आडवी उचलली तर उचलली जाते. मध्ये एक गुळगुळीत वेष्टनाची वही घातली की सगळी चळत कशावर अवलंबून आहे ते लगेच कळतं. स्पेसरचा वाईटपणा असेल तर तो इथे आहे. त्याची जाडी चाकाला बाहेर काढते म्हणून तो धोकादायक, हा आरोप अर्धवट आहे. कमी ऑफसेटची रिम घेतली तरी चाक तेवढंच बाहेर येतं आणि तिला कोणी नावं ठेवत नाही. बेअरिंग जातं, हेही असंच जरा फुगवून सांगितलं जातं. साडेतीनशे किलोंचा भार १५ मिलिमीटर बाहेर सरकला तर बेअरिंगवरचा पीळ पन्नासेक न्यूटन-मीटरने वाढतो. गाडी जोरात वळवताना टायर जो आडवा जोर लावतो, त्याचा पीळ सातशेच्या घरात असतो. पाच-दहा मिलिमीटरसाठी बेअरिंगची काळजी करत बसणाऱ्याने गायमुख घाट जरा सावकाश उतरावा, बेअरिंगला त्याचा जास्त फायदा होईल. पंचवीस-तीसचे स्पेसर घालून शिळफाट्याचे खड्डे रोज खाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

खरी मेख आट्यांत आहे. बोल्ट किती आत जायला हवा, याचा साधा नियम असा: बोल्टाची जेवढी जाडी, किमान तेवढी लांबी आट्यांत अडकलेली हवी. १४ मिलिमीटरच्या बोल्टाला एका फेरीत दीड मिलिमीटर पुढे जाणारे आटे असतात; म्हणजे हाताने फिरवताना साधारण नऊ फेऱ्या भरायला हव्यात. १२ च्या बोल्टाला आठ. आता पोलोला १० मिलिमीटरची चकती घातली आणि बोल्ट मूळचेच ठेवले, तर साडेसहा फेऱ्या चकतीनेच खाल्ल्या. उरल्या दोन-अडीच. गंमत म्हणजे बोल्ट तरीही आवळला जातो, टॉर्कपाना टिक्कदेखील वाजतो, गाडी बाहेर पडते. दोन-अडीच आट्यांवर चार टनांचा दाब. आटे पहिल्या दिवशी जात नाहीत. हळूहळू ताणले जातात आणि मग एका दमात सोलून निघतात. म्हणून जाडी वाढली तेवढा बोल्ट लांब घ्यायचा, आणि चाक चढवताना गन लावायच्या आधी हाताने फेऱ्या मोजायच्या. टायरवाल्याला हे आवडत नाही. त्याच्यामागे रांग असते.

बोल्ट बदलताना त्याच्या डोक्याखालची बैठकही बघावी लागते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टांची बैठक गोलाईची असते, वाटीत चेंडू बसावा तशी. बाजारातल्या बहुतेक अलॉय रिमची भोकं मात्र शंकूच्या आकाराची. गोल बैठकीचा बोल्ट शंकूत घातला तर धातूला धातू भिडतो तो एका बारीक कड्यावर. आवळताना अडतो, घट्ट वाटतो. शंभर किलोमीटर चाललं की कडा दबते आणि दाब उतरतो. दोन बोल्ट शेजारी धरून डोक्याखाली नुसतं बोट फिरवलं तरी फरक कळतो. दुकानात तेवढं कोणी करत नाही.

आणि कॉलर. हबची ही कॉलर साधारण एक सेंटिमीटरभर पुढे आलेली असते. ३ किंवा ५ मिलिमीटरची पातळ चकती घातली तरी थोडी कॉलर उरते आणि चाक तिच्यावर बसतं. १० मिलिमीटरची सपाट चकती ती कॉलर संपूर्ण गिळते. चाकाला मध्य दाखवणारं काही राहत नाही, बोल्टांच्या भरवशावर ते अंदाजाने मध्यात येतं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. मालक पुन्हापुन्हा बॅलन्सिंग करून घेतो, टायरवाला पुन्हापुन्हा शिशाचे तुकडे चिकटवतो, थरथर तशीच. म्हणून जाड स्पेसरला स्वतःची कॉलर कोरलेली हवी. १० च्या आसपासची जाडी सगळ्यात अडचणीची: हबची कॉलर जाते आणि नवी कोरायला पुरेसा धातू नसतो.

हे काम कसं होतं ते वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात बघावं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालं, आणि त्याचा आरंभच ठाण्याच्या या वसाहतीपासून झाला. मोठ्या कंपन्या गेल्या, तरी छोट्या गाळ्यांत लेथ आणि सीएनसी चालूच आहेत. डोंबिवली आणि अंबरनाथच्या एमआयडीसीतही. मी पाहिलेला टर्नर साठीकडे झुकलेला होता. दुचाकीवरून एक मुलगा अॅल्युमिनियमच्या दोन चकत्या पिशवीत घालून घेऊन आला होता. कुठून तरी स्वस्तात मिळालेल्या, वर सुरेख लाल रंग दिलेल्या.

“काका, भोक जरा मोठं करून द्या, बास. सत्तावन्नचं पाहिजे.”

काकांनी चकती हातात फिरवली, टेबलावरच्या सपाट प्लेटवर ठेवली आणि कडेला बोटाने दाबली. चकती किंचित डुलली. त्यांनी काही न बोलता मायक्रोमीटरने चार ठिकाणी जाडी मोजली आणि आकडे खडूने चकतीवरच लिहिले. चारही वेगळे.

“सत्तावन्न नाही, सत्तावन्न पॉइंट एक. आणि हा रंग आधी घासून काढ दोन्ही पाठींचा. रंगावर चाक आवळलंस तर रंग उद्या चिरडणार आणि बोल्ट ढिले होणार. हे ओतीव आहे रे. मी मोठं करून देईन भोक, पण तुझ्या जागी मी असतो तर हे लावलं नसतं.”

मुलगा म्हणाला, पाच एमएमचीच तर आहे. काकांनी लेथच्या मागून काळपट, जाडजूड बारचा एक तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला. पैसे तिप्पट पडतील, पण पाठी समांतर मिळतील, म्हणाले. पुढे काय ठरलं ते पाहायला मी थांबलो नाही.

ओतीव अॅल्युमिनियममध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि दणक्याने ते तडकतं. चांगले स्पेसर घडवलेल्या किंवा दाबून काढलेल्या पट्टीतून कातलेले असतात. या कामात ६०६१ आणि ७०७५ हे मिश्रधातूंचे क्रमांक नेहमी ऐकू येतात. दुसरा चांगलाच बळकट, आणि महाग. समांतरपणाचं महत्त्व असं की दीडशे मिलिमीटर व्यासाची चकती एका कडेला दुसरीपेक्षा ०.१ मिलिमीटर जाड असेल, तर सहाशे मिलिमीटर व्यासाच्या टायरच्या कडेला तो फरक चौपट होऊन डुलतो.

एवढी कटकट असताना कोणी शहाणा कारखानदार स्पेसर वापरतो का? वापरतो. पोर्शे आपल्या काही गाड्यांना ५ मिलिमीटरचे स्पेसर लांब बोल्टांसह स्वतःच विकते. जर्मनीत स्पेसरच्या डब्यातच तपासणीचा दाखला येतो. तो घेऊन गाडी तपासनिसाला दाखवायची आणि कागदपत्रांत नोंद करून घ्यायची. तपासनीस बघतो ते कडक असतं. युरोपच्या नियमानुसार चाकाच्या मध्यातून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या पट्ट्यात टायर मडगार्डाखाली झाकलेला हवा. आपल्या थार गाड्यांमधल्या निम्म्या तिथेच परत पाठवल्या जातील. पावसात त्यांच्या मागे दुचाकीवर असलेल्या माणसाला या नियमाचा हेतू समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माजिवड्याच्या सिग्नलला कोणी चाक काढून मागे बघत नाही, हे खरं. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक मात्र बघतो, आणि निवांतपणे बघतो.

रस्त्यावर गाडीच्या वागण्यात पडणारा फरक पावसाळ्यात कळतो. पुढचं चाक स्टिअरिंगने ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष शॉकअपच्या वरच्या टोकापासून खाली तिरका येतो आणि रस्त्याला एका बिंदूत भेटतो. तो बिंदू आणि टायरच्या टेकण्याचा मध्य यांच्यातलं अंतर कारखान्यात विचारपूर्वक ठरवलेलं असतं. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये तो बिंदू मुद्दाम टायरच्या मध्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवला होता, आणि पुढे अनेकांनी ते उचललं. फायदा असा: घोडबंदर रोडला डाव्या कडेला पाणी साचलंय, डावी चाकं पाण्यात, उजवी कोरड्या डांबरावर, आणि तुम्ही जोरात ब्रेक मारला. उजवी चाकं जास्त पकडतात, गाडी उजवीकडे ओढली जाऊ लागते. पण त्या रचनेमुळे स्टिअरिंग आपसूक थोडं डावीकडे वळतं आणि गाडी सावरते. १५-२० मिलिमीटरची चकती टायरचा मध्य त्या बिंदूपलीकडे नेऊन ठेवू शकते. मग त्याच प्रसंगी स्टिअरिंग सावरायच्या ऐवजी ओढीत भर घालतं. कोरड्या रस्त्यावर वर्षभर चालवूनही हे कळणार नाही. एवढ्यासाठी मला मागच्या चाकांना स्पेसर लावणारा माणूस पुढच्यांना लावणाऱ्यापेक्षा अधिक विचारी वाटतो.

पावसाचं दुसरं काम संथ आहे. पोलादी हब आणि अॅल्युमिनियमची चकती यांच्या मध्ये पाणी शिरलं की अॅल्युमिनियमची झीज सुरू होते, पांढरी भुकटी धरते. खाडीकाठच्या हवेत लवकर. ती भुकटी दोन पाठींच्या मध्ये साचली की चाक टेकतं ते भुकटीवर. चकती हबला इतकी चिकटते की हातोडी घेऊन बसावं लागतं. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर चाकं उतरवून पाठी तारेच्या ब्रशने साफ कराव्यात. ग्रीस लावायचंच तर कॉलरवर, बोटाला पुसटसं, पाठींवर नाही आणि आट्यांवर नाही. आट्यांना तेल लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. नवा स्पेसर लावल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा टॉर्कपान्याने तपासायचे, गाडी थंड असताना, चाकं जमिनीवर टेकवून. अडॅप्टर असेल तर चाक उतरवून आतलेही. ते सगळ्यांत जास्त विसरले जातात, कारण बाहेरून दिसत नाहीत.

आणि डिकीत एक गोष्ट ठेवायलाच हवी: मूळचे बोल्ट. स्टेपनी बहुधा मूळच्या मापाची, साध्या पत्र्याची असते आणि तिला स्पेसर नको असतो. रात्री मुंब्रा बायपासला पंक्चर झालं, चाक काढलं, त्याच्यासोबत सैल चकती निघून हातात आली, आणि स्टेपनी लावायला समोर आहेत ते लांब बोल्ट. ते आवळले तर हबच्या पाठीमागून बाहेर येतात. काही गाड्यांत तिथे हँडब्रेकची यंत्रणा असते, काहींत एबीएसचा सेन्सर. चाक फिरताच कडाड आवाज होतो. कधी बोल्ट मागे टेकून अडतो आणि चाक घट्ट न होताच घट्ट वाटतं. मूळचे पाच बोल्ट आणि पाना एका कापडात गुंडाळून स्टेपनीच्या खोबणीतच ठेवावेत, म्हणजे अंधारात शोधावे लागत नाहीत.